तिथीची पाऊणपट

कतारमध्ये मेसईदच्या खत कारखान्यात आमच्या मेंटेनन्स वर्कशॉपमध्ये एक पांढरा फळा होता. त्यावर रोज सकाळी दिवसाची कामं लिहिली जात. कुठला पंप उघडायचा, कुठला व्हॉल्व्ह बदलायचा, कुणाचं वर्क परमिट अडकलंय, अशी सगळी. या कामांच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, निळ्या मार्करने एक ओळ असे. 'चौथ. भरती ३.००' किंवा 'षष्ठी. भरती ४.३०'. त्या ओळीचा खताशी काडीचा संबंध नव्हता, पण इतक्या वर्षांत एकाही मॅनेजरने ती पुसली नाही. एकदा एक नवा सेफ्टी ऑफिसर आला. त्याने ती ओळ प्रामाणिकपणे डायरीत उतरवून घेतली आणि भर मीटिंगमध्ये विचारलं, या वेळेला प्लांटमध्ये नक्की काय करायचं असतं? सगळ्यांनी तांडेलांकडे बघितलं.

"काय नाय," तांडेल म्हणाले, आणि पुढचं हिंदीत समजावून दिलं, "उस टाइम पानी भरता है. आप अपना चाय पियो."

तांडेल आमचे सुपरवायझर. कोकणातले, देवगडच्या बाजूचे. पासपोर्टावर त्यांचं व्यवस्थित नाव-आडनाव होतं, पण ते एचआरशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. त्यांचे वडील गलबतावर तांडेल होते. तांडेल म्हणजे होडीवर ज्याचा शब्द शेवटचा, तो माणूस. मुलगा आखातात येऊन पंपांच्या सीलबेअरिंगमध्ये अडकला तरी बापाची पदवी त्याने स्वतःच स्वतःला लावून घेतली आणि दोह्यातल्या झाडून सगळ्या मराठी माणसांकडून वदवूनही घेतली.

भरतीचं गणित सोपं होतं. तिथीची पाऊणपट करायची. चौथ असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पाणी पूर्ण भरणार. कोकणात हे पोरासोरांनाही येतं. तांडेलांनी ते बोटीसारखं सोबत आणलं आणि कतारच्या किनाऱ्याला बांधून टाकलं. त्यांच्या टेबलावर भिंतीवरचं मराठी कॅलेंडर काढून आडवं ठेवलेलं असे, काचेखाली. आमच्यातला एकही जण समुद्रावर पोट भरणारा नव्हता, त्यामुळे हे गणित खरं निघतं की खोटं हे बघायची वेळ कुणावर आलीच नाही.

नाही म्हणायला, एकदा मी आणि ते संध्याकाळी समुद्रकाठच्या कॉर्निशवर फिरत होतो. त्यांच्या हिशोबाने त्या घटकेला पूर्ण भरती होती. समोर खालचे दगड उघडे पडून त्यांवर शेवाळ वाळत होतं. मी नुसतं बोट दाखवलं. तांडेलांनी दगडांकडे पाहिलं, मग समोरच्या उंच टॉवरांकडे पाहिलं, आणि अत्यंत कीव आल्यासारखे म्हणाले, "भराव घालून घालून ह्यांनी बिचाऱ्या समुद्राचो गोंधळ केलो हा." म्हणजे चूक पाण्याची होती, तिथीची नव्हती.

कंपनीच्या बसमध्ये त्यांची जागा ठरलेली. पुढे, ड्रायव्हरच्या मागे. दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट वस्तीपासून मेसईदपर्यंत ते तळहाताने हवेत बारीक बारीक खुणा करत राहायचे. जरा दाब, जरा सोड. ड्रायव्हर पेशावरचा होता, त्याने कधी आयुष्यात समुद्रात पाय घातला नसेल, पण तांडेल सुट्टीवर गेले की तो म्हणे, आज बस चलाने में मजा नहीं. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना वाळू, तरी वाऱ्याचा दिवस असेल तर तांडेल खाली उतरल्यावर बसच्या दारावर थाप मारून म्हणत, "बरा आणलंस."

आणि हे मालवणीत. तांडेल सगळ्यांशी मालवणीत सुरुवात करत. हिंदी, इंग्रजी त्यांना उत्तम येत होतं, पण ते दुसऱ्या फेरीला. आमच्या इजिप्शियन मॅनेजरशी त्यांचा संवाद ऐकायला लोक चहाचे कप घेऊन उभे राहत. ते म्हणायचे, "अरे मरे, ह्यो पंप असो कसो चलतलो?" तो दोन्ही हात पसरून अरबीत काहीतरी लांबलचक सांगायचा. हे मान हलवायचे. तो म्हणायचा, "खलास?" हे म्हणायचे, "खलास." आणि संध्याकाळपर्यंत पंप चालू झालेला असे. दोघं एकमेकांना काय सांगत होते हे मला आजवर कळलेलं नाही.

त्यांचं कुटुंब पुण्यात होतं. वहिनी, मुलगा, सून, आणि अलीकडे नातू. हे ओल्ड एअरपोर्टला एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत एकटे. शुक्रवारी मासळी बाजारात जाऊन हमूर आणायचे आणि आमच्या घरी येऊन, आमच्याच स्वयंपाकघरात, आमच्याच मसाल्याला नावं ठेवत कालवण करायचे. जेवताना दर वेळी म्हणायचे, "हमूर म्हणजे नुसतो कापूस. मासो कसलो?" आणि चार तुकडे खायचे. माझी मुलगी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देणाऱ्यांपैकी. ती त्यांना कॅप्टन काका म्हणे. "कॅप्टन काका, व्हेअर इज द विंड टुडे?" असं तिने विचारलं की ते जेवण टाकून गॅलरीत जात, बोट ओलं करून वर धरत आणि आत येऊन गंभीरपणे सांगत, "शमाल. वायव्येकडसून." त्या दोघांचं फार छान जमायचं, आणि मला मनातून त्याचा थोडा हेवा वाटायचा.

सगळ्यात जास्त रंग चढायचा तो त्यांच्या वडिलांच्या गोष्टींना. वडील वारा फिरण्याआधी अर्धा तास ओळखायचे. वडिलांनी एकदा धुक्यात नुसत्या वासावरून बंदर शोधलं. "आणि सुकाणू?" असं कुणाला तरी विचारावं लागे, तांडेल थांबून वाट बघत. मग म्हणत, "बाराव्या वर्षी इलां माझ्या हातात. बापाशीन शिकवल्यान. एकदा हातात बसलां की बसलां." आणि खुर्चीतच किंचित तिरके होऊन, डाव्या काखेत न दिसणारा दांडा धरून ते आम्हाला एखादं वादळ पार करून दाखवत.

आमच्यातला कुलकर्णी नाशिकचा, फायनान्सवाला. त्याला पुराव्याशिवाय काही पटत नसे. तो माझ्या कानात म्हणायचा, "सहलीला येऊन आमच्या गोदावरीत होडी चालवली असेल फार तर." जाधव लातूरचा, सिव्हिलवाला, पाण्याला मुळातच घाबरणारा. तो म्हणायचा, "चालवली असंल नसंल, आपल्याला काय करायचंय? सांगतेत किती झ्याक!"

पहिली ट्रिप आम्ही चौघांनी मिळून केली तेव्हा मी, कुलकर्णी आणि जाधव तिघंही नवेच होतो. इंडस्ट्रियल एरियात एका खोलीत राहायचो, सुट्टीच्या दिवशी काय करावं सुचायचं नाही. तांडेलांनी एका शुक्रवारी कुठूनशी मोटरबोट ठरवली आणि आम्हाला सफलिया बेटावर नेलं. बेट म्हणजे तरी काय, पांढऱ्या वाळूचा एक लांबट तुकडा आणि भोवती काचेसारखं हिरवं पाणी. पण घर सोडून आल्यानंतरचा आमचा तो पहिला मोकळा दिवस होता. जाधव गुडघाभर पाण्यात उभा राहून लहान पोरासारखा ओरडला होता. परत येताना आम्ही ठरवलं, दरवर्षी यायचं. मग लग्नं झाली, मुलं झाली, शाळांच्या बसच्या वेळा झाल्या, आणि एकदाही गेलो नाही.

यंदा जानेवारीत तांडेल कायमचे निघाले. साठी झाली, कंपनीने निरोप दिला, घड्याळ दिलं. मुलाचा पुण्याला वाकडमध्ये अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे, तिकडे राहायला जायचं ठरलं. गावातलं घर भावाच्या वाट्याला गेलेलं, तिकडचा किनारा आता वर्षातून एखाद्या वेळी पाहुण्यासारखा. निरोपाच्या जेवणाचा विषय निघाला तर ते म्हणाले, "जेवण नको. माका एकदा सफलियाक न्या. शिडाची होडी बघा. येताना इंजिन बंद करून येवचा, आणि सुकाणू माझ्या हातात होया."

शिडाची होडी मिळणं सोपं नव्हतं. दोह्यात लाकडी होड्या पुष्कळ, पण त्या इंजिनवर चालणाऱ्या, वर रंगीत दिवे आणि मोठमोठ्याने गाणी. शेवटी जुन्या धक्क्यावर एक नाखवा सापडला. सलायाचा, गुजरातेतला. पन्नाशीचा, दाढी पांढरी, कमी बोलणारा. त्याच्या होडीला खरंखुरं शीड होतं, पण ते तो फक्त लोकांना फोटो काढायला उघडून दाखवत असे. तांडेलांनी त्याच्याशी हिंदीत बोलणी केली, म्हणजे दुसऱ्या फेरीपासूनच सुरुवात केली, यावरून त्यांना ते किती हवं होतं हे आम्हाला कळलं.

"मैं तांडेल का बेटा," ते म्हणाले.

नाखव्याने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अच्छा? फिर तो घर का आदमी. जाते टाइम इंजन. वापस आते टाइम हवा पीछे से मिलेगा, तब शढ़ चढ़ाएगा, सुकान आपको देगा."

ट्रिपच्या आदल्या रात्री तांडेल झोपले नसावेत. सकाळी साडेआठला आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा ते आधीच येऊन पायातल्या चपला हातात घेऊन उभे होते.

बायका-मुलांनी यायला साफ नकार दिला होता. तुमची जुनी ट्रिप आहे, तुमची तुम्हीच करा, असं माझ्या बायकोने सांगितलं आणि वर एक मोठा डबा दिला. जाधवकडे भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. कुलकर्णीकडे सनस्क्रीन, फर्स्ट एड बॉक्स आणि फोल्डिंगची खुर्ची. तांडेलांकडे गॅसची छोटी शेगडी, भांडी, मासे, आणि गावाहून आणून जपून ठेवलेल्या तिरफळांची पुडी. जाधवने होडीत पाय ठेवण्याआधी लाइफ जॅकेट घातलं आणि बेटावर उतरून जेवतानाही ते काढलं नाही.

साडेदहाला सफलिया आलं. बेट तस्संच होतं. आम्ही तसेच नव्हतो. कुलकर्णीचं पोट सुटलेलं, माझे केस गेलेले. पण वाळूवर पाय पडला आणि जाधव जॅकेटसकट पाण्यात शिरून पुन्हा एकदा तसाच ओरडला, तेव्हा मला एकदम भरून आलं. हसायलाही येत होतं. सामान उतरवायला सोपं पडावं म्हणून नाखव्याने होडी अगदी वाळूलगत आणून लावली होती.

तांडेलांनी त्या दिवशी जे कालवण केलं तसं मी पुन्हा कुठे खाल्लं नाही. नाखवा पहिल्यांदा नको नको म्हणाला, मग तीन वेळा भात घेतला. जेवण झाल्यावर त्याचे डोळे जड झाले. होडीच्या सावलीत चटई टाकत तो तांडेलांना म्हणाला, "एक घंटा सोता हूं. डेढ़ बजे पक्का जगाना. पानी उतरेगा उसके पहले होडी बाहर लेना है."

"सो जाओ," तांडेल म्हणाले. "मैं हूं ना."

मी फोनकडे हात नेला, गजर लावावा म्हणून. त्यांनी डोळ्यांनीच थांबवलं. नाखवा घोरायला लागल्यावर हळूच म्हणाले, "आज तिथी काय? पंचमी. पाचाची पाऊणपट किती?"

"पावणेचार," कुलकर्णी म्हणाला. आकडा विचारला की त्याला राहवत नाही.

"म्हणजे पावणेचारपर्यंत पाणी चढतच रवतला. ह्यो म्हणता दीडाक उतरतला. झोपांदे गरीबाक. दिवसभर राबता."

त्यात खरोखर दया होती हे मला सांगायलाच हवं. नाखव्यावर कुरघोडी करायची म्हणून नव्हे, तर दमलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून तांडेलांनी त्याला उठवलं नाही. फक्त त्या दयेच्या खाली वीस वर्षांचं चुकीचं गणित होतं.

दीड वाजला. मला वाटलं, मघाशी पाण्यात असलेला एक दगड आता कोरडा दिसतोय. मी तसं म्हणालो.

"लाटेकडे बघू नको," तांडेल म्हणाले. "तिथीकडे बघ."

पावणेदोनला होडीच्या पुढच्या भागाखाली वाळू दिसायला लागली. कुलकर्णी खुर्चीतून उठला. "अहो तांडेल, पाणी चाललंय."

"इकडचा पाणी पहिल्यांदा जरा मागे जाता, मग उसळी मारता," तांडेल म्हणाले, पण आता त्यांचा आवाज बारीक झाला होता. दोनला होडीने एक लांब कण्हल्यासारखा आवाज केला आणि ती एका कुशीवर सावकाश कलली. नाखवा ज्या सावलीत झोपला होता ती सावली सरकली, ऊन डोळ्यांवर आलं, आणि तो उठला. एक क्षण त्याने होडी बघितली. मग समुद्र बघितला. पाणी दहा हात मागे गेलं होतं.

"किसने बोला नहीं उठाने को?"

जाधवने तेवढ्यात लाइफ जॅकेट काढून ठेवलं. आता बुडायची काही भीती नव्हती, त्यामुळे त्याचा चेहरा चांगलाच खुलला होता, आणि तो आम्हाला अजिबात बघवत नव्हता.

"मैंने नहीं उठाया," तांडेल म्हणाले. "मुझे लगा पानी चढ़ेगा."

"चढ़ेगा? कौन बोला? तांडेल का बेटा होके ये भी मालूम नहीं?" नाखवा होडीभोवती एक फेरी मारून आला, फळ्यांवरून हात फिरवत. फुटलं-तुटलं काही नव्हतं. तरी राग उतरला नाही. "अब साढ़े चार तक इधर बैठो. पानी आएगा तो इंजन चालू, सीधा दोहा. शाम को मेरा दूसरा पार्टी है. शढ़ नहीं, सुकान नहीं. खलास."

तांडेलांनी मान डोलावली. मग ते उठले आणि वाळूवरून बेटाच्या पार टोकापर्यंत चालत गेले.

इतकी वर्षं त्यांची चेष्टा करण्यात आम्ही एकमेकांच्या पुढे असायचो. आता मात्र कुलकर्णीने सगळी भांडी घासायला घेतली, न सांगता. जाधव म्हणाला, "जाय की तू. तुझं ऐकतेत त्ये." मी गेलो.

ते पाण्याकडे तोंड करून बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. मी म्हटलं, "कोकणातलं गणित आहे ते. इथलं पाणी वेगळ्या वेळा पाळतं. यात तुमची काय चूक?"

"गणिताचा सोड," ते म्हणाले. "मी तुमका खोटां सांगलंय रे. सगळ्यांक."

"कशाबद्दल?"

"बापाशीन माका सुकाणूक कधी हात लावूक देवक नाय. एकदा लावलंय, तर फाटकन हातार मारल्यान. बापूस म्हणालो, तुझ्या हाताक शाई होयी, मीठ नको. शीक आणि हयसून जा." त्यांनी वाळूत बोटाने एक रेघ ओढली आणि पुसली. "शिकलंय. आयटीआय केलंय. हंय इलंय. मनीऑर्डरी पाठवलंय. बापूस खूश. दरवर्षी सुट्टीक गेलंय की वाटायचा, आता बापूस म्हणतलो, बस रे जरा, धर. तो आपलो पंख्याखाली खुर्ची द्यायचो. साहेब इलो म्हणायचो. मग तो गेलो, होडी विकली. ह्या वयात कोणाक सांगू, तांडेलाच्या पोराक होडी चालवूक येणा नाय?"

गेली सतरा वर्षं त्यांच्या काखेतला तो न दिसणारा दांडा मी पाहत होतो. तो खरंच नव्हता. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

"आज एकदा हातात इला असता," ते म्हणाले. "उद्या सकाळची फ्लाइट. पुण्यात खंय समुद्र? माझ्या हातानंच घालवलंय."

थोड्या वेळाने ते उठले, कपड्यांची वाळू झाडली आणि सरळ नाखव्याकडे गेले. तो होडीच्या पलीकडच्या बाजूला एकटाच विडी ओढत बसला होता. मी मागोमाग होतो, म्हणून मी ऐकलं. कुलकर्णी आणि जाधव अलीकडे सामान बांधत होते.

"भाई, माफ करना," तांडेल म्हणाले. "बेटा तांडेल का हूं, वो सच है. लेकिन मुझे कुछ नहीं आता. बाप ने सुकान कभी हाथ में नहीं दिया. पढ़ने भेजा. आपने सुकान दिया होता तो भी मैं आपको झूठ बोलके ही बैठता. अच्छा हुआ नहीं दिया."

नाखवा विडी ओढत राहिला. मग म्हणाला, "कितना भाई थे?"

"दो. छोटे को दिया. मुझे नहीं."

"मेरा एक ही लड़का है," नाखवा म्हणाला. "अहमदाबाद में कंप्यूटर पढ़ता है. छुट्टी में आता है तो होडी पे चढ़ने नहीं देता मैं. हाथ खराब होगा बोलता हूं." त्याने विडी वाळूत विझवली. तांडेलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला न ठेवला आणि ते बाजूला झाले.

पाणी पावणेपाचला आलं. आम्ही पाचही जणांनी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून होडी ढकलली. जाधवसुद्धा, जॅकेट घालून. होडी हलली, तरंगली, आणि आम्ही ओले चिंब वर चढलो. नाखव्याने इंजिन सुरू केलं. तांडेल मधल्या फळीवर, दोन्ही हात मांडीवर ठेवून, बसमध्ये बसतात तसे बसले. पण खुणा करत नव्हते. कुलकर्णी आणि जाधव पुढे नाळेवर, मी मागे.

उथळ पाणी संपलं. सूर्य बराच खाली आला होता, आणि मागून शमाल चांगला लागत होता. नाखव्याने एकदा घड्याळ बघितलं. मग इंजिन बंद केलं.

एकदम इतकी शांतता झाली की पुढून जाधवने घाबरून विचारलं, "बंद पडली का काय?"

नाखवा उत्तर न देता दोर सोडायला लागला. शीड वर चढलं, दोनदा फडफडलं, वाऱ्याने फुगलं, आणि होडी पाठीला हात लावून कुणी पुढे ढकलावी तशी निघाली. तो मागे येऊन सुकाणूपाशी बसला, बाजूला सरकला आणि तांडेलांकडे न बघताच म्हणाला, "आओ. दूसरा पार्टी रुकेगा आधा घंटा. यल्ला."

तांडेल उठले ते धडपडत. बसल्यावर त्यांनी दांडा दोन्ही हातांनी गच्च धरला, आणि होडी लगेच डावीकडे वळायला लागली. शीड फडफडलं. पुढे जाधवने देवाचं नाव घेतलं.

"गला मत दबाओ उसका," नाखवा हळू आवाजात म्हणाला. "मुर्गी पकड़ा है ऐसा पकड़ो. हां. वो ऊंचा वाला टावर दिखता है? नाक उसपे रखो. अब छोड़ो थोड़ा. छोड़ो बोला ना! हां... अब वो खींचेगा, आप मत खींचो."

दोन-तीन वेळा होडी वाकडी गेली. एकदा चांगलीच. मग त्यांच्या हातात काहीतरी आलं. खांदे खाली आले. होडी सरळ चालायला लागली, पाणी दोन्ही बाजूंनी एकसारखं कापत, आणि समोरचा टॉवर नाळेवरून हलेनासा झाला. तांडेलांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी पुसलं नाही, कारण त्यासाठी एक हात सोडावा लागला असता. इतक्या वर्षांत त्या माणसाचा मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

मधल्या शिडामुळे आणि वाऱ्यामुळे पुढच्या दोघांना मागचं काही ऐकू आलं नव्हतं. त्यांना फक्त एवढंच दिसलं की आधी डगमगलेली होडी आता बाणासारखी सरळ चाललीय. कुलकर्णी फळ्यांना धरून धरून मागे आला. सुकाणूवर तांडेलांना पाहून तो जागच्या जागी थांबला. मग त्याने, पुराव्याशिवाय काही न मानणाऱ्या त्या माणसाने, चक्क हात जोडले.

"मानलं तांडेल! चुकलो मी. इतकी वर्षं मला वाटायचं तुम्ही थापा मारता. काय शिकवलंय हो वडिलांनी!"

मी तांडेलांकडे बघितलं. नाखव्याने समुद्राकडे बघितलं. आम्ही दोघंही बोलणार नव्हतो; त्यांनी नुसती मान डोलावली असती तरी पुरलं असतं.

"बापाशीन नाय रे," तांडेल मोठ्याने म्हणाले, पुढच्या जाधवलाही ऐकू जाईल असं. "ह्या नाखव्यान शिकवल्यान. आत्ता. आधी कधी हातात धरूकच नाय मी. सगळां खोटां सांगलंय तुमका."

कुलकर्णीने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याला ते पटायला वेळ लागला. मग तो एवढा हसला, एवढा हसला, की त्याला खाली बसावं लागलं. तांडेलही हसायला लागले, रडता रडता, आणि होडी जराशी हलली तशी दोघांनी एकदम तोंडं मिटली.

"अर्ध्या तासात जमतं तर मग मलाही द्या की जरा," कुलकर्णी डोळे पुसत म्हणाला, आणि त्याने हात पुढे केला.

तांडेलांनी कोपराने तो हात बाजूला सारला.

"रव मरे," ते म्हणाले. "माझां पोट भराक नाय अजून."